चौथी फेरी

कुणी ‘सगळे म्हणतात’ असं बोललं की बिराजदार सर हातातली पेन्सिल खाली ठेवायचे. “सगळे म्हंजे किती? आन् ज्यांना विचारलंच न्हाई, त्यांचं काय?” समोर प्राचार्य असोत, शिपाई असो, नाहीतर त्यांची स्वतःची बायको असो, प्रश्न बदलायचा नाही. सर दुधनीचे, घरात कानडी. राग आला की हाच प्रश्न कानडीत यायचा आणि आखूड व्हायचा: “यार हेळ्यार?” म्हणजे कुणी सांगितलं? आमच्या अर्थशास्त्र विभागात हे दोन शब्द उमटले की बोलणाऱ्याचा चहा कपातच निवायचा.

सोलापुरातल्या त्या कॉलेजात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर एकवीस वर्षं बसलो. माझं नाव देशमाने, मूळ गाव नातेपुते. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कॉलेजचा दोष नाही. सर गेल्या वर्षी गेले. त्यांच्याबद्दल बोलताना अजूनही काही लोक आवाज खाली करून म्हणतात, “माणूस हुशार, पण आकडे शिजवले हो.” आकडे शिजवले गेले, हे खरं आहे. ते मी शिजवले. सरांनी नाही, आणि त्यांची विद्यार्थिनी पद्मा दासरी हिनेही नाही. हे एवढं एका वाक्यात सांगता येतं, पण ते सांगायला मला तेरा वर्षं लागली. आणि सर कसे होते हे कळल्याशिवाय त्या वाक्याचं वजन कुणाला कळणार नाही.

हे लिखाण मी आधी पद्माला वाचायला दिलं. तिने समासात दोन ठिकाणी लिहिलं आहे. ते मी तसंच ठेवलं आहे.

सरांचे वडील दुधनीला धान्याच्या आडतीत होते. पोत्यात खुपसून आतलं धान्य बाहेर काढायची लोखंडी परखी असते, तशी एक वडिलांची परखी सरांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली असे. विद्यार्थ्यांना नमुना निवड शिकवताना ते ती हातात घेत. “पोत्याच्या तोंडाशी जे धान्य दिसतं, ते तुम्हाला दिसावं म्हणून ठेवलेलं असतं,” ते म्हणत. वर्गात ते असं पुस्तकी मराठी बोलत. स्टाफरूममध्ये आले की दुधनी परत यायची. त्यांचा विषय म्हणजे सूक्ष्म अर्थमिती. घराघरातून, माणसामाणसाकडून गोळा केलेल्या माहितीवरून काय म्हणता येतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय म्हणता येत नाही, हे गणिताने ठरवायचं. आमच्या विभागात हे काम करणारे ते एकटेच. बाकीचे आम्ही नोट्स काढून शिकवणारे.

संशय हा त्यांचा स्वभाव होता की धंदा, हे मला कधीच कळलं नाही. स्वतःची बेरीज ते दुसऱ्या दिवशी पुन्हा करत. मी एकदा म्हटलं, “सर, कालच केलीत की तुम्ही.” तर म्हणाले, “कालच्या बिराजदारावर आजच्या बिराजदारानं का म्हणून विश्वास ठेवायचा? तो दमला होता, मी बघितलंय त्याला.”

एका वर्षी आमच्या शेवटच्या वर्षाचा निकाल फार चांगला लागला. प्राचार्यांनी पेढे वाटले. सरांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. “परीक्षेचा फॉर्म किती जणांना भरू दिला न्हाई?” त्यांनी विचारलं. हजेरी कमी असल्याचं कारण काढून कच्च्या मुलांना आधीच बाजूला केलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“बिराजदार, निदान आज तरी,” प्राचार्य म्हणाले.

“आज न्हाई तर कवा? उद्या पेढे संपलेले असत्यात.”

मग त्यांनी पेढा खाल्ला. तो त्यांना आवडायचा, त्यात संशय नव्हता.

दुसरी गोष्ट अक्कलकोटची. दर वर्षी एकदा ते वहिनींना घेऊन दर्शनाला जात, आणि त्या वर्षी आम्हीही बरोबर होतो. महाप्रसादाच्या रांगेत पुढे उभे असलेले गृहस्थ सांगत होते की इथे नवस बोललेला एकही माणूस रिकाम्या हाताने गेला नाही. सर त्यांना अगदी अदबीने म्हणाले, “ज्यांचं झालं न्हाई ते पुन्हा रांगेत येत न्हाईत हो. मग तुमाला भेटणार कोण?” गृहस्थ चिडून पुढे सरकले. वहिनी म्हणाल्या, “तुमचं काय झालंय म्हणून तुमी येताय दर वर्षी?”

“माझं झालं न्हाई. म्हणूनच येतो. एकजण तरी मोजायला नको का?”

वहिनी इतक्या हसल्या की रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या.

हा विनोद नव्हता. सरांचं सगळं संशोधन ह्या एका गोष्टीवर उभं होतं. ते त्यांनी मला कॉलेजच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या समजावलं होतं.

“देशमाने, सकाळी अकराला तुमी एका दारावर गेला. सर्व्हेचा फॉर्म हातात. कोण भेटंल?”

“जी बाई घरी आहे ती.”

“आन् शिलाईच्या युनिटला, टॉवेलच्या कारखान्यात गेलेली?”

“तिच्या दाराला कुलूप.”

“मग तुमी संध्याकाळी येऊन लिवणार, ह्या गल्लीत बायका कामाला जात न्हाईत. कुलूप म्हंजे उत्तर मिळालं न्हाई असं समजू नका. कुलूप हेच उत्तर हाय.”

त्यांची युक्ती अशी होती. प्रत्येक बंद घरी पाच वेळा जायचं, वेगवेगळ्या वेळी. कोणती बाई कितव्या फेरीला भेटली ते लिहायचं. पहिल्या फेरीला भेटणारी आणि चौथ्या-पाचव्या फेरीला भेटणारी यांच्यात काय फरक पडतो ते पाहायचं. त्या फरकावरून, जी कधीच भेटली नाही तिच्याबद्दल किती बोलता येईल आणि किती नाही, याची हद्द आखायची. ऐकायला सोपं. ते सिद्ध करायला त्यांना अकरा वर्षं आणि पंधरा-सोळा वह्या लागल्या. परदेशातल्या एका नियतकालिकाने लेख वाचून कळवलं की गणित ठीक आहे, पण खऱ्या घरांवर करून दाखवा.

म्हणून आम्ही शहराच्या पूर्व भागात सर्व्हे घेतला. विणकरांची तेलुगू बोलणारी वस्ती, यंत्रमागांची खडखड, घरोघरी विड्या. पद्मा तिथलीच. तिचे वडील यंत्रमागावर होते. ती सरांकडे पीएच.डी. करत होती. कमी बोलणारी मुलगी. सरांना उलट प्रश्न विचारणारी विभागातली ती एकटीच, आणि सर तिला त्यासाठीच मानत.

सुरुवातीच्या चाचणीला आम्ही तिघेही गेलो होतो. पहिल्याच घरात ओसरीवर एक बाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी विचारलं, “काम करता का?”

“न्हाय वो, घरीच असते,” ती म्हणाली. बोटं थांबली नाहीत.

मी ‘नाही’वर खूण करणार तेवढ्यात सरांनी माझा हात धरला. “तिच्या मांडीवर काय हाय ते बघा, आन् तुमच्या फॉर्मात काय चाललंय ते बघा.”

पद्माने तेलुगूत पुन्हा विचारलं. बाई खदखदून हसली आणि काहीतरी बोलली. पद्माने सांगितलं, “ती म्हणते, ह्याला काम म्हणत असतील तर मग मी झोपेतसुद्धा काम करते.”

त्या दिवशी सरांनी प्रश्न बदलला. ‘काम करता का’च्या आधी ‘काल उठल्यापासून काय काय केलं ते सांगा’ हे आलं. तरी ‘काम करता का’ राहिला. त्याला ‘हो’ आलं तर पुढे तीन पानं भरायची: कुठलं काम, किती वेळ, कधीपासून. ‘नाही’ आलं तर ती तीन पानं सोडून थेट शेवटच्या पानावर यायचं.

पहिल्या तीन फेऱ्या पद्मा आणि तिच्याबरोबरच्या मुलामुलींनी केल्या. सर त्यांच्यातली निम्मी घरं स्वतः पुन्हा जाऊन तपासत. पद्माचीसुद्धा. एका घरी जाऊन “काल इथं चष्मेवाली पोरगी आली होती का? किती वेळ बसली?” असं विचारताना पद्माने त्यांना बघितलं होतं. तिला वाईट वाटलं असेल असं मी लिहिलं, तिथे तिने समासात लिहिलं आहे: ‘नाही. सर सगळ्यांचंच तपासतात, म्हणून मला सुरक्षित वाटायचं.’

चौथी आणि पाचवी फेरी माझ्याकडे होती. तपासायला कुणी गेलं नाही. पद्माने सरांना विचारलं होतं की हीसुद्धा तपासायची का. सर म्हणाले, “त्या गठ्ठ्याला हात नको. देशमान्यांची फेरी म्हंजे फेरी.”

आयुष्यभर कुणावर विश्वास न ठेवलेल्या माणसाने एकदा एका माणसावर ठेवला, तो असा.

मे महिना होता. चौथ्या फेरीचे पहिले दोन दिवस मी इमानाने फिरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी एका बंद घराच्या कट्ट्यावर सावलीला बसलो आणि उठलो नाही. मुलीच्या प्रवेशाची धावपळ होती असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. प्रवेश जूनमध्ये होता. ऊन होतं, मी पन्नाशीकडे झुकलो होतो, कुलपं बघून कंटाळलो होतो, आणि हे सगळं काही विशेष नाही असं वाटत होतं. त्या दुपारी आणि पुढच्या दोन दुपारी तिथेच बसून मी सदतीस घरांचे फॉर्म भरले. काही चौथ्या फेरीचे, बरेचसे पाचव्या फेरीचे. ‘काम करता का’ याला तेहतीस ठिकाणी ‘नाही’ लिहिलं, कारण मग तीन पानं वाचत. वयं मात्र मन लावून लिहिली. चाळीस, पन्नास असे गोल आकडे बनावट दिसतील म्हणून ते कटाक्षाने टाळले.

माझं अक्षर वाईट. म्हणून पद्माने ते सगळे कच्चे फॉर्म पक्क्या फॉर्मवर उतरवून घेतले. कच्चे मी “पडताळून ठेवतो” म्हणून परत नेले आणि रद्दीत घातले.

निष्कर्ष सरांना हवे तसे आले नाहीत. उशिरा भेटणाऱ्या बायका लवकर भेटणाऱ्यांपेक्षा कमी काम करतात असं निघालं. सरांनी तेही तसंच लिहिलं. सिद्धांत हद्द सांगतो, उत्तर सांगत नाही, असं म्हणून त्यांनी लेख पाठवला. लेख स्वीकारला गेला. प्राचार्यांनी सत्काराचा दिवस ठरवला. छपाईआधी शेवटचं तपासायला लेख परत आला तेव्हा सरांनी कपाटातून मूळ फॉर्म बाहेर काढले आणि एकेक बघायला सुरुवात केली. संगणकावरच्या आकड्यांतून जे दिसलं नव्हतं, ते कागदावर दिसलं.

त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर फॉर्मांची थप्पी होती.

“बसा. एक वाचून दाखवतो. पयली फेरी कुलूप. दुसरी कुलूप. तिसरी कुलूप. चौथी कुलूप. पाचव्यांदा बाई भेटली आन् म्हणाली, मी घरीच असते.” त्यांनी फॉर्म खाली ठेवला. “बरं. असंल एखादी. पण ह्या तेहतीस हायत. काय, कुलूप बाहेरनं लावून आत बसत होत्या का?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“पद्मा, तुझ्या आईचं वय किती?”

“पंचेचाळीस असेल, सर.”

“असंल. खरी माणसं अशीच सांगतात. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. आन् ह्या सदतीस जणींत एकीच्याबी वयाला पाचानं भाग जात न्हाई. लई हिशेबी बायका. अक्षर कुणाचं?”

“माझं, सर. देशमाने सरांच्या कच्च्या फॉर्मवरून उतरवलेत.”

“कच्चे कुठं हायत?”

“सरांनी परत नेले.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ तेव्हा बोलायला पुरेसा वेळ होता. मी म्हणालो, “ते रद्दीत गेले असतील. पण सर, मी दिलेलं आणि हे उतरवलेलं एकच आहे का, हे कच्चे समोर नसताना कुणी सांगावं?”

मी पद्मावर आरोप केला नाही. मी फक्त त्यांच्याच पद्धतीने एक शंका काढली. एकोणीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी एवढंच शिकलो होतो. ती शंका बिनतोड होती. सरांनी बराच वेळ दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाले, “बरोबर हाय. सांगता येत न्हाई.”

पद्मा रडत बाहेर गेली, असं मी इथे लिहिलं होतं. समासात आहे: ‘मी रडले नाही. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात.’

सरांनी लेख मागे घेतला. माहितीच्या एका भागाबद्दल मला खात्री देता येत नाही, एवढंच त्यांनी कळवलं. कुणाचंही नाव घेतलं नाही. सत्कार रद्द झाला. का रद्द झाला हे कुणी कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या सोयीचं कारण शोधलं. ‘शिजवले’ हा शब्द त्याच आठवड्यात पहिल्यांदा ऐकला. कॅन्टीनमध्ये. मीही त्या टेबलावर होतो. मी मान हलवली नाही, आणि नाही असंही म्हणालो नाही.

पद्माच्या प्रबंधाची दोन प्रकरणं त्याच सर्व्हेवर होती. सरांनी तिला दोषी धरलं नाही, पण त्या प्रकरणांवर सहीही केली नाही. “जे मला माहीत न्हाई त्याच्यावर सही कशी करू, पोरी?” तिने काम सोडलं. आता ती पूर्व भागातच दहावी-बारावीचे क्लास घेते. सर दोन वर्षांनी निवृत्त झाले. शेवटची दोन वर्षं ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. फक्त चहाला जाताना टेबलाच्या खणाला कुलूप लावू लागले. आधी लावत नसत.

पुढे माझंही निवृत्तीचं वय झालं, बायको गेली, मुलगी सासरी रमली. मधल्या काळात सरांकडे जाणं मी टाळलं. गेल्या वर्षी भाजीबाजारात वहिनी भेटल्या. सरांना किडनीचा त्रास सुरू झाला होता.

“रोज त्याच वह्या काढून बसत्यात,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हणते, आता काय शोधताय त्यात? तर म्हणत्यात, फॉर्म खोटे हायत हे कुठं सिद्ध झालंय, चूक माझ्याच गणितात शोधतोय. कुठंतरी असणार. गावत न्हाई.”

मला वाटलं होतं, ते आम्हा दोघांवर संशय घेत असतील. तेरा वर्षं ते स्वतःच्या गणितावर संशय घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. विजापूर रस्त्याकडचं बैठं घर. सर बनियन-लुंगीत खुर्चीवर बसले होते, निम्मे झाले होते. समोर वही होती. मी उभ्यानेच सांगितलं. ते फॉर्म मी भरले, कट्ट्यावर बसून. पद्माने काही केलं नाही. तुमच्या गणितात चूक नाही.

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, “तुमची वहिनी भेटली काल बाजारात?”

“हो.”

“तिनं सांगितलं असंल, म्हातारा चूक शोधत बसलाय. म्हणून तुमी आलात. मला बरं वाटावं म्हणून.”

“नाही सर, खरं सांगतोय.”

“फॉर्म खोटे निघाले तर माझं गणित वाचतं. म्हंजे ही गोष्ट मला आवडणारी हाय. आवडणाऱ्या गोष्टीला दुप्पट तपासायचं. तुमी पद्माला वाचवायला बोलत नसाल कशावरनं?”

जन्मात एकदा खरं बोलायला गेलो आणि मला पुरावा मागितला गेला. मी वयांचं सांगितलं, पाचाचा पाढा टाळल्याचं सांगितलं. ते म्हणाले, “ते मीच तुमाला त्या दिवशी दाखवलं. ते कुणीबी सांगंल. जे मला माहीत न्हाई ते सांगा.”

मग मला सांगावं लागलं. सदतीस बायका कुठून आणणार? मी घरातूनच सुरुवात केली होती. “पहिल्या फॉर्मवर माझी बायको, सुमन. वय एकेचाळीस, एक मुलगी. दुसऱ्यावर मोठी अक्का. ती पन्नासची होती, तिला एकोणपन्नास केली. तीन मुलगे, एक मुलगी. तिसऱ्यावर नातेपुत्याची वहिनी, अडतीस, दोन मुलगे. चौथ्यावर धाकटी बहीण, छत्तीस, मूल नाही...”

“थांबा.” त्यांनी वहिनींना कपाटातला गठ्ठा आणायला सांगितलं. तो अजून होता, दोरीने बांधलेला. त्यांनी पहिला फॉर्म काढला, पेन्सिल घेतली. “आता सांगा. सावकाश.”

मी सांगत गेलो, ते खुणा करत गेले. नऊ फॉर्म झाले तेव्हा त्यांनी पेन्सिल ठेवली.

“तुमच्या घरच्या बायका आमच्या पूर्व भागात राहायला आणल्या व्हय.” मग पहिला फॉर्म पुन्हा उचलून डोळ्यांजवळ नेला. “सुमनताई शाळेत शिकवायच्या की, देशमाने. वीस वर्षं. त्यांनाबी तुमी ‘काम नाही, घरी’ लिवलं?”

तीन पानं वाचवायची होती, एवढंच.

मला वाटलं ते रागावतील. शिव्या देतील. त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. “तोंडी नको. लिहून द्या. तीन प्रती. एक त्या नियतकालिकाला, एक विद्यापीठाला, एक पद्माला.”

मी लिहिलं: ‘सदर पाहणीच्या वेळी माझ्या हातून अनवधानाने काही चुका झाल्या.’

त्यांनी कागद ओढून घेतला. “अनवधानानं? वयं बघा की, किती ध्यान देऊन केलंय.” तो शब्द खोडला. “काही म्हंजे किती?” त्यावर सदतीस लिहिलं. “हातून झाल्या? हात कुणाचा?” तेही खोडलं. मग ‘चुका’ या शब्दावर पेन्सिल ठेवून थांबले. “हेबी काढा.”

“चूक नाही तर मग काय लिहू, सर?”

“चूक दोन्ही अंगांनी जाते. कधी जास्त, कधी कमी. भरपूर गोळा केल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. माझा सगळा धंदा त्याच्यावर चालतो. तुमच्या तेहतीस बायका एकाच अंगाला गेल्यात. त्याला चूक म्हणत न्हाईत.”

उरलं ते असं: ‘मी सदतीस फॉर्म खोटे भरले. पद्मा दासरी हिने ते जसेच्या तसे उतरवले. हे ठाऊक असताना मी संशय तिच्यावर जाऊ दिला.’ शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तीन वेळा.

दोन प्रती त्यांनी स्वतःकडे ठेवल्या. तिसरी घडी करून माझ्या खिशात घातली. “ही टपालानं न्हाई. तुमी नेऊन द्यायची. आज. आत्ता ती घरी असंल, क्लास तीनला सुरू व्हतो.” तिच्या क्लासची वेळ त्यांना ठाऊक होती, हे तेव्हा कळलं.

“पद्मा काय म्हणेल?” मी विचारलं.

“मला काय माहीत? विचारल्याशिवाय कसं कळंल?”

वहिनींनी चहा आणला होता. तो पिऊ का नको, मला कळेना. सर म्हणाले, “प्या. चहाचा काय दोष?”

त्यानंतर पाच आठवड्यांनी सर गेले. मी दवाखान्यात गेलो होतो, पण आत सोडलं नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळीच.

त्यांच्या घरासमोरून उजवीकडे गेलं की माझं घर, चालत दहा मिनिटं. डावीकडे रिक्षा थांबा, तिथून पूर्व भाग. फाटकाबाहेर पडलो आणि क्षणभर थांबलो. मागे बिजागरी वाजली. सर वहिनींचा हात सोडवून, एका हातात माझी प्रत आणि पेन्सिल, दुसऱ्याने लुंगी सावरत फाटकापर्यंत आले होते. मी डावीकडे वळलो. थांब्याजवळ पोचून मागे पाहिलं तर ते फाटक सोडून रस्त्याच्या मधोमध येऊन उभे होते, मला नीट दिसावं म्हणून मान पुढे काढून. एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत त्यांना वळसा घालून गेला. ते हलले नाहीत. मी रिक्षात बसलो, रिक्षा सुटली, तेव्हा त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघितलं, हातातल्या कागदाच्या पाठीवर वेळ टिपून ठेवली, आणि मग घराकडे वळले.